परजीवी पेशीत शिरतो कसा? लुईस मिलर यांचं संशोधन

श्रोतेहो, नमस्कार.

मलेरियाचा ताप मुद्दाम आणवून रोगी बरा करायचा, असा एक काळ होता. आज ऐकायला अघोरी वाटेल, पण पेनिसिलिन यायच्या आधी मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसवर फारसा इलाजच नव्हता. डॉक्टर रोग्याला मलेरियाची लागण करत, ताप भरपूर चढू देत आणि मग क्विनाइन देऊन तो उतरवत. या उपचाराबद्दल व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-याउरेग यांना १९२७ साली नोबेलही मिळालं.

अमेरिकेत हा उपचार करताना डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाची लागण गोऱ्या रोग्यांना सहज व्हायची, पण आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रोग्यांना काही केल्या होईना. तिकडे पश्चिम आफ्रिकेतही तीच कथा. फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीच्या मलेरियानं तिथे थैमान घातलेलं, आणि व्हायव्हॅक्स औषधालाही सापडत नव्हता. असं का, ते पुढची कित्येक वर्षं कुणालाच सांगता आलं नाही.

हे कोडं सुटलं ते लुईस मिलर यांच्या प्रयोगशाळेत. मिलर शिक्षणानं डॉक्टर. १९६०च्या दशकात थायलंडमध्ये मलेरियावर काम केलं, १९७१ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये आले आणि तिथेच रमले. त्यांचा प्रश्न साधा होता. मलेरियाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, म्हणजे नेमकं काय करतो?

तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. तिच्यावर चालून येणारा मलेरियाचा परजीवी जेमतेम एक-दीड मायक्रॉनचा. या अवस्थेत त्याला मेरोझॉइट म्हणतात. पेशीबाहेर तो फार वेळ तग धरत नाही, त्यामुळे त्याला आत शिरण्याची घाई असते. बरं, तांबडी पेशी स्वतःहून काही गिळत नाही. आत जायचं तर सगळी खटपट परजीवीनंच करायची.

१९७५ साली जेम्स ड्वोराक, मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खटपट सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केली. परजीवी घेतला तो नोलेसी, माकडांच्या मलेरियाचा. त्याचे मेरोझॉइट पेशीबाहेरही थोडा वेळ टिकतात, म्हणून तो सोयीचा. चित्रणात दिसलं ते असं. मेरोझॉइट कसाही, आडवातिडवा पेशीला येऊन चिकटतो. चिकटताच पेशी थरथरते, वेडीवाकडी होते. तो वळतो आणि आपलं निमुळतं टोक पेशीकडे करतो. मग लोडात कोपर रुतावं तसा तो पेशीत रुतत जातो आणि मागून पेशीचं आवरण मिटतं. सगळा मामला अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपतो. आवरण कुठेही फाटत नाही. परजीवी आत असतो, पण त्याच आवरणाच्या पिशवीत गुंडाळलेला.

नोलेसीचा आणखी एक उपयोग झाला. व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, पण नोलेसी माणसाच्या पेशींतही शिरतो. मिलर यांनी वेगवेगळ्या रक्तगटांच्या पेशी त्याच्यापुढे ठेवायला सुरुवात केली. इथे रक्तगट म्हणजे नुसते ए, बी, ओ नव्हेत. तांबड्या पेशीवर असे कितीतरी रेणू असतात. त्यातला डफी नावाचा रेणू ज्या पेशींवर नव्हता, तिथे नोलेसीचं घोडं अडलं. मग डफी असलेल्या पेशींवरचा तो रेणू एन्झाइमनं छाटून टाकला, तर त्या पेशीही बचावल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतोच! १९७६ साली स्वयंसेवकांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. व्हायव्हॅक्सचे डास चावूनही ज्यांना लागण झाली नव्हती, ते सगळे डफी नसलेले निघाले.

माझ्या मते मिलर यांचं मोठेपण या शोधापेक्षाही त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे. डफी नसेल तर परजीवी नेमका कुठल्या पायरीवर अडतो? त्यांनी मेरोझॉइटला सायटोकॅलेसिन नावाचं रसायन दिलं. त्यानं परजीवी पेशीला चिकटतो, पण पुढे सरकू शकत नाही. त्यांचे सहकारी मासामिची आइकावा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा डफी असलेल्या पेशीशी परजीवीचा घट्ट सांधा जुळलेला दिसला. डफी नसलेल्या पेशीपाशीही तो पोचला होता, वळलाही होता, पण मध्ये नुसते बारीक तंतू, सांधा नाही. म्हणजे चिकटणं वेगळं आणि सांधा जुळणं वेगळं. याच सांध्याचं कडं परजीवीच्या अंगावरून मागे मागे सरकत जातं आणि तो आत जातो. टोक्सोप्लाझ्मा हा मलेरियाच्या परजीवीचा लांबचा नातलग. तोही असाच सांधा जुळवून आत शिरतो, हे पुढे दिसून आलं.

आता लसीचं. व्हायव्हॅक्स डफीला ज्या प्रथिनानं पकडतो, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली की काम झालं, असं वाटेल. तितकं सोपं नाही. फाल्सिपेरमकडे तर चिकटायला अनेक प्रथिनं आहेत. एक अडवलं की तो दुसरं वापरतो. व्हायव्हॅक्सचंही डफीवाचून अडत नाही असं दिसतंय. २०१० साली मादागास्करमध्ये डफी नसलेल्या माणसांनाही त्याची लागण झाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि पाठ्यपुस्तकात बसलेला नियम डळमळला.

फाल्सिपेरमचं एक प्रथिन मात्र वेगळं निघालं, आरएच५. ते तांबड्या पेशीवरच्या बेसिजिन नावाच्या रेणूला पकडतं, हे २०११ साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं. तपासलेल्या सगळ्या वाणांना ही पकड लागतेच. त्यावर आधारलेल्या लसीची बुर्किना फासोतल्या लहान मुलांवर चाचणी झाली आणि तिच्यामुळे काही प्रमाणात संरक्षण मिळाल्याचं २०२४ साली जाहीर झालं. पूर्ण नव्हे. मेरोझॉइट उघड्यावर असतो तो एवढासा वेळ, आणि तेवढ्यात पुरेशी प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचायला हवीत. म्हणून ही लस भरपूर प्रतिपिंडं तयार करणारी हवी, आणि ती रक्तात महिनोन्‌महिने टिकायलाही हवीत. सध्या काम चाललंय ते त्यावर.

नमस्कार.