एकच आंबो किती येळा खातलो?

(कुडाळ येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'भाषाविज्ञानातील संशोधनपद्धतींचे वर्गीकरण आणि त्यांची तात्त्विक बैठक' असा छापलाय. तो वाचूनही आपण आलात. नंतर दशावतार आहे आणि पुढच्या खुर्च्या धरून ठेवायच्यात, हे मला ठाऊक आहे. तरी आभार मानतो.

नाव जड आहे, विषय तसा नाही. भाषेबद्दल कोणी काही ठासून सांगितलं, की त्याला विचारायचं, "बाबा रे, तुला हे कशावरून कळलं?" त्याचं उत्तर म्हणजे पद्धत. आणि "कशावरून कळलं म्हणजे ते खरं मानायचं?" हा पुढचा प्रश्न, ती तात्त्विक बैठक.

पाठ्यपुस्तकांत या पद्धतींची वाटणी ठरलेली असते. संख्यात्मक आणि गुणात्मक. मग प्रश्नावली, मुलाखत, प्रयोग, मजकुरांचा संगणकीय संग्रह. परीक्षेत पाच गुणांना येते. माझी तक्रार अशी, की ही वाटणी साधनांची झाली. टेपरेकॉर्डर हातात आहे म्हणून माणूस काय शोधतोय ते समजत नाही. मला पटणारी वाटणी वेगळी आहे: संशोधक कुठे उभा राहून बोलतोय? 'मी' म्हणून, समोरच्या 'तू'शी बोलताना, की लांबून 'ते' बघत? फिनलंडचे एसा इटकोनेन यांनी १९७८ पासून भाषेच्या ज्ञानाचे असे प्रकार वेगळे काढून दाखवले आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या जॉर्डन झ्लातेव यांनी त्याची पुरुषवार मांडणी पुढे नेली. प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुष. व्याकरणाच्या तासाला झोप काढलेल्यांनाही एवढं आठवत असेल.

आता आपल्याकडे बोलींचं काम झालं ते कसं, ते बघू. त्याआधी थोडं युरोपात जाऊन येतो, लगेच परततो.

१८७६ मध्ये गेओर्ग वेंकर या जर्मन माणसाने ऱ्हाईनच्या परिसरातल्या शाळामास्तरांना टपालाने वाक्यं पाठवली आणि कळवलं, की ही तुमच्या गावच्या बोलीत लिहून धाडा. मास्तरांनी धाडली. मास्तर मंडळींना सरकारी, बिनसरकारी कुठलाही तक्ता भरायला द्या, ते भरतात; मी स्वतः आयुष्यभर भरलेत. पण ज्याने जन्मभर पोरांची बोली सुधारली, त्यालाच बोलीचा साक्षीदार केलं, ही गंमत बघा. फ्रान्समध्ये बोलींचे नकाशे करणाऱ्या जिलिएरों यांनी उलट केलं. एदमों एदमों नावाच्या (आईबापांनी नाव तसंच ठेवलं होतं म्हणायचं, नाव-आडनावाच्या उच्चारात फरक नाही) एका किराणा दुकानदाराला १८९७ मध्ये गावोगाव पिटाळलं. कान तिखट असलेला माणूस. चार वर्षांत त्याने सहाशेवर गावं पालथी घातली. समोर बसून विचारायचं, ऐकलं तसं टिपायचं.

आपल्याकडे भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनसाहेबांनी साधारण वेंकरची वाट धरली. १९०३ ते १९२८ या काळात त्यांच्या सर्वेक्षणाचे खंड निघाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. साहेबांनी नमुना म्हणून बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट निवडली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांमार्फत तिची भाषांतरं मागवली. बापाकडून वाटणी घेऊन परमुलखी गेलेला, पैसे उडवून परत आलेला मुलगा. कोकणाला ही गोष्ट परकी नाही, फक्त आमच्याकडे तो चाकरमानी असतो आणि चतुर्थीला येतो. खंड मोलाचेच आहेत, त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही. पण भाषांतर करणारा माणूस मूळ वाक्याची वळणं उचलतो. मग पानावर जे उतरतं, ते बोलीचं किती आणि वाक्य पाठवणाऱ्याचं किती?

हे पुस्तकी वाटतंय ना? मग आता आमच्या आजींचं ऐका.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची मुलं बोलीचं सर्वेक्षण करायला आमच्याकडे आली होती. संस्थेचं नाव घेत नाही, मुलं गुणी होती. वाट दाखवायला मला सोबत घेतलं. जुलैचे दिवस, वेंगुर्ल्याच्या अलीकडची एक वाडी. आजी पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलेल्या. यंत्र लावलं, छापील प्रश्नावली उघडली. पहिलं वाक्य: 'तो आंबा खातो.'

मुलगी म्हणाली, "आजी, हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल?"

"कोण खाता?"

"कोणीही. समजा, तुमचा मुलगा."

"माझो झील मुंबयत आसा."

"समजा, तो इथे आलाय."

"जुलयात आंबो खंयचो?"

"आजी, समजा, आहे आंबा."

आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की पोर शिकलेली आहे पण घरचं कोणी बघत नसावं. मग म्हणाल्या, "तो आंबो खाता." वहीत टिपलं गेलं. पुढे तो आंबा खात होता, खाईल, त्याने खाल्ला असेल, खाल्ला असता तर... प्रश्नावली क्रियापदाचे काळ आणि व्याकरणातले 'अर्थ' (आज्ञार्थ, संकेतार्थ वगैरे) यांच्या क्रमाने लावलेली. चौथ्या-पाचव्या वाक्याला आजींनी हातातली आठळी खाली ठेवली. "गे चेडवा, एकच आंबो किती येळा खातलो तो?"

शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतः वाचलं: 'माहितीदार सहकार्य करत नाही.'

माझं भांडण या शेऱ्याशी आहे. आजींइतकं सहकार्य त्या दिवशी कोणी केलं नाही! कोण खातो, कुठे, कुठल्या महिन्यात, हे कळल्याशिवाय वाक्य बोलायचं कसं, हेच त्या विचारत होत्या. 'तू' म्हणून बोलायला बसल्या होत्या. पलीकडून त्यांना 'ते' करून टाकलं.

पुढचं ऐका. चहा झाला, यंत्र बंद झालं, आणि आजी सुटल्या. शेजाऱ्याचा माड यांच्या कुंपणावर वाकलेला, नारळ यांच्या अंगणात पडतात, मग नारळ कोणाचे? झकास गजाल, म्हणजे गप्पा. तिच्यात मध्येच म्हणाल्या, "नारळ माझ्या डोक्यार पडलो असतो तर तो काय भरून देतलो?" म्हणजे तासभर खणून जो 'असतं तर'वाला संकेतार्थ निघत नव्हता, तो नारळासारखाच आपणहून पडला. एका मुलाने हळूच बटण दाबलं. यंत्रावर तांबडा दिवा लागला, आजींना तो दिसला. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तर आमच्या शेजाऱ्यांचे माड आमच्या हद्दीत आले आहेत."

अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी हे कोडं नेमकं मांडलंय: कोणी बघत नसताना माणसं कशी बोलतात ते हवंय आणि बघितल्याशिवाय ते मिळत नाही. त्यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक होऊन प्रवेश केला. जी वस्तू चौथ्या मजल्यावर आहे तिचीच चौकशी करायची, म्हणजे विक्रेता 'फोर्थ फ्लोअर' म्हणणार आणि त्यातला 'र' उच्चारतो की गिळतो ते कळणार. ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा म्हणायला लावायचं. मग कोपऱ्यात जाऊन टिपून ठेवायचं. महागड्या दुकानात 'र' जास्त, स्वस्तातल्या दुकानात कमी. तृतीय पुरुषी पद्धतीचा हा अव्वल नमुना. आमच्या बाजारात चालणार नाही, दुकानदार आधी विचारील, "कोणाचो तू?"

अध्यक्षांची चिठ्ठी आली: 'दहा मिनिटे.' म्हणजे ज्यासाठी बोलावलं, त्याला दहा मिनिटं. हरकत नाही, पळतो.

१९६५ साल घ्या. त्या साली अमृत माधव घाटगे यांचं 'कुडाळी' निघालं, मराठी बोलींच्या सर्वेक्षणातलं दुसरं पुस्तक. तुमच्या गावच्या बोलीचं हे वर्णन या खोलीतल्या किती जणांनी पाहिलंय, ते हात वर करून विचारत नाही, उगाच अपमान कशाला. ध्वनी, रूपं, उतारे, शब्द: जे ऐकू येतं ते नीट मांडायचं. ही वर्णनवादी शिस्त. तिचा अमेरिकेतला मोठा माणूस ब्लूमफिल्ड, आणि पाठीशी प्रत्यक्षवाद: जे पाहता, पडताळता येतं तेच शास्त्र, मनात काय आहे ते विचारू नका. त्याच साली अमेरिकेतल्याच चॉम्स्कींनी भाषिक क्षमता (मनातलं भाषेचं ज्ञान) आणि प्रत्यक्ष प्रयोग (बोलताना होणारा तिचा वापर) यांची फारकत केली. आता दशावतार सुरू होईल. त्याला लिखित संहिता नाही, राजा आज जी वाक्यं बोलेल ती कोणी लिहिलेली नाहीत. ब्लूमफिल्डचा माणूस ती वाक्यं गोळा करील. चॉम्स्की विचारतील, न ऐकलेली वाक्यं त्याला सुचतात ती कशाच्या बळावर? त्याचं उत्तर बोलणाऱ्याच्या भाषिक जाणिवेत शोधायचं. हा बुद्धिवाद, हा प्रथम पुरुष.

एकाच उदाहरणावर तिन्ही लावतो. 'माका जावचां आसा' बरोबर, 'माका जावचो आसा' चूक. मला कसं कळलं? डोळे मिटून. मोजणी केली नाही. आणि उद्या कोणी 'जावचो आसा' म्हणालाच, तर नियम खोटा पडत नाही, तो माणूस चुकला असं आपण म्हणतो. दगड वर गेला तर मात्र दगड चुकला म्हणत नाहीत, नियम पडतो. इटकोनेन यांचा मुद्दा हाच: व्याकरणाचा नियम निसर्गनियमाच्या जातीचा नाही, तो आपण मिळून पाळलेला दंडक आहे. आता 'जावचां आसा' आणि 'जावक व्हया' यांत फरक काय? इथे माझे डोळे मिटून भागत नाही, तुम्हाला विचारावं लागतं, वाद घालावा लागतो. तो द्वितीय पुरुष, त्याची बैठक अर्थनिर्णयाची: समोरच्याला काय म्हणायचंय ते समजून घेणं. आणि यांतलं कुठलं रूप कोण किती वापरतो, मालवणात जास्त की सावंतवाडीत, तरुण की म्हातारे, यासाठी मोजायलाच हवं. तिथे 'मला वाटतं' चालणार नाही.

चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९९२ मध्ये आरामखुर्चीतला भाषावैज्ञानिक आणि संग्रह मोजणारा यांची मजा केली होती. मोजणारा म्हणतो, तू सांगतोस ते खरं कशावरून? खुर्चीतला म्हणतो, तू सांगतोस त्यात जाणून घेण्यासारखं काय? दोघेही बिनतोड. पण या भांडणात 'मी' आणि 'ते' एवढेच आहेत. आमच्या आजी दोघांच्याही हिशेबात नाहीत. झ्लातेव म्हणतात, तिन्ही वापरा, आलटून पालटून. मी त्यांच्याहून हट्टी आहे: आधी 'तू', मग बाकीचे दोन. उगमाशी गजाल नसेल तर डोळे कशावर मिटणार आणि मोजणार तरी काय?

जेरोल्ड काट्झ राहिला. भाषा मनातही नाही, तोंडातही नाही, ती संख्येसारखी अमूर्त वस्तू आहे, असं १९८१ मध्ये म्हणणारा गृहस्थ. त्याला तीन पुरुषांत कुठे बसवायचं, ते मला आजवर नीट जमलेलं नाही. मागच्या बाजूला संकासुर तयार होऊन उभा दिसतोय. प्रश्न असतील तर दोन घेतो. फक्त कुडाळी मराठीची की कोकणीची, हा नको. मग नाटक पहाटेशिवाय सुरू होणार नाही.