वॉटरफॉल क्रीकची वाट

(दृश्य : केप जर्व्हिसचा धक्का. फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या. करडा समुद्र.)

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या केप जर्व्हिसहून फेरीबोट सुटते आणि पाऊण तासात पेनेशॉला लागते. हे कांगारू आयलंड. टास्मानिया आणि मेलव्हिलनंतर देशातलं तिसरं मोठं बेट, क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर.

दिवस ऑगस्टचे आहेत. याच दिवसांत सह्याद्रीच्या कड्यांवरून पाणी कोसळत असतं. इथले धबधबेही याच महिन्यांत जिवंत होतात, पण इथे हा पावसाळा नाही, भर हिवाळा आहे. उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस थंडीत पडतो. वॉटरफॉल क्रीकचा धबधबा पाहायचा तर याच दिवसांत यावं लागतं.

(दृश्य : लाल मातीचा रस्ता. दोन्ही बाजूंना बुटकी झाडी.)

बेटाच्या पश्चिम भागात हायवे सोडला की डांबर संपतं. पुढे लोहाचे लालसर खडे पसरलेला कच्चा रस्ता. त्या खड्यांवर चाकं घसरतात, म्हणून गाडी हळूच चालवायची. पावसाचं पाणी याच खडेरी पठारावर पडतं, झिरपतं, लहानमोठ्या ओहोळांनी उत्तरेला उतरतं आणि खोल घळींमधून समुद्राला मिळतं. या उत्तर किनाऱ्यावर वेस्टर्न रिव्हरचं संरक्षित रान आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियानं १९९२मध्ये रानं जशीच्या तशी राखण्यासाठी कायदा केला आणि पुढच्याच वर्षी या रानाला त्याचं संरक्षण मिळालं. इथे नवे रस्ते नाहीत, खाणी नाहीत. आत जायचं ते पायी, वॉटरफॉल क्रीकच्या वाटेनं.

(दृश्य : वाटेचं तोंड. ब्रशनं बुटांचे तळ घासणारे हात.)

चालायला लागण्याआधी बूट स्वच्छ करायचे. तळव्याला चिकटलेली माती ब्रशनं खरवडून काढायची, मग जंतुनाशकाचा फवारा. फायटोफ्थोरा नावाचा एक सूक्ष्मजीव मातीत राहतो. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात आणि मुळं कुजवतात. मुळं गेली की झाडाला पाणी ओढता येत नाही. भोवती चिखल असतो आणि झाड तहानेनं वाळतं. धबधबा वाहतो तोच या रोगाच्या फैलावाचाही हंगाम, आणि त्याला एका घळीतून दुसऱ्या घळीत नेणारं वाहन म्हणजे आपले बूट. ही दोन मिनिटं टाळणाऱ्यानं या रानात पाऊल ठेवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्यात सगळ्यात आधी बळी पडतात ते याक्का. आखूड काळं खोड आणि त्यावर गवताचा दाट झुबका. वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढणारं हे झाड. माणसाच्या कमरेएवढा याक्का आपल्या पणजोबांच्या वेळचा असू शकतो.

(दृश्य : चढउतार. जळक्या खोडांवर हिरवी पालवी.)

वाट मध्यम अवघड. ओल्या पानांवर पाय सरकतो, दगड सैल आहेत, उतारावर गुडघ्यांची परीक्षा होते. जपून चालणाऱ्या कुणालाही जमावी अशी. चालता चालता काळी पडलेली खोडं दिसत राहतात.

२० डिसेंबर २०१९ रोजी बेटाच्या उत्तर भागात कोरडी, म्हणजे पावसाविना, वीज पडून वणवे पेटले. ३० डिसेंबरला विजांनी आणखी आगी लावल्या. ३ जानेवारीला वारा भडकला आणि आग बेटाच्या पश्चिम भागावरून धावत गेली. दोन माणसं दगावली. सुमारे २,११,००० हेक्टर, म्हणजे जवळजवळ अर्धं बेट, आगीखाली आलं. हे रानही त्यात सापडलं.

पुढच्या हिवाळ्यात पाऊस आला. इथली झाडं त्यासाठी तयारच असतात. मॅली जातीच्या निलगिरीची जमिनीखाली जाड गाठ असते, वरचं सगळं जळालं तरी तिच्यातून नवे फुटवे येतात. शुगर गम ही दुसरी निलगिरी खोडाच्या सालीखालीच झोपलेले कोंब उठवते. याक्का तर आगीनंतरच भरभरून फुलतो, उंच दांडे उभारतो.

शीओकचं मात्र तसं नाही. हा आपल्या कोकणातल्या सुरूचाच भाऊबंद. जोराच्या आगीत तो मरतो आणि बियांतून पुन्हा उगवतो. तो फळायला लागेपर्यंत वर्षं जातात, आणि इथला ग्लॉसी ब्लॅक काकाकुवा जवळजवळ फक्त शीओकच्या फळांतल्या बियांवर जगतो. त्याची ही उपजात आज याच बेटावर उरली आहे. घरटं त्याला जुन्या निलगिरीच्या ढोलीत लागतं. अंडी पळवणारे पॉसम नावाचे प्राणी वर चढू नयेत म्हणून अशा झाडांच्या खोडांना पत्र्याचे पट्टे बांधतात. १९९५पासून हे काम चालू आहे आणि त्यामुळेच हा पक्षी वाढला. पत्र्याचा पट्टा दिसला तर त्या झाडाखाली रेंगाळू नका.

(दृश्य : पाचोळ्यात हलणारे काटे. पाठोपाठ आणखी काही.)

हिवाळ्यात आणखी एक दृश्य दिसू शकतं. अंडी घालणारा सस्तन प्राणी एकिडना विणीच्या काळात रांग लावतो. पुढे मादी, मागे एकामागून एक नर, आणि ही वरात कित्येक दिवस चालू राहते. संशोधक पेगी रिसमिलर यांनी याच बेटावर वर्षानुवर्षं एकिडनांचा माग काढला.

(दृश्य : घळ अरुंद होते. पाण्याचा आवाज वाढतो.)

इथले खडक ५० कोटी वर्षांहून जुने. समुद्रतळाशी साचलेली वाळू आणि चिखल, दबून, दुमडून, उभे झालेले. त्या दुमडींच्या कडेवरून पाणी खाली येतं. निलगिरीच्या पानांतलं टॅनिन उतरलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. लोणावळ्याच्या धबधब्यांची सवय असलेल्याला हा लहान वाटेल. पण वरच्या पठारावर पडलेला पाऊस इतक्या मुळांना, बिळांना, डबक्यांना पुरून उरला, म्हणून इथवर पोचला. ती सगळी वाट आपण नुकतीच पायांखालून घातलेली असते, त्यामुळे ही धार पाहताना मला तरी ती कमी वाटत नाही.

शेजारच्याच जमिनीवर २०२०मध्ये ३६९ हेक्टरांभोवती कुंपण उभं राहिलं, रानात सुटलेल्या, रानटी झालेल्या मांजरांना आत येता येऊ नये म्हणून. आगीतून वाचलेले डनर्ट तिथे आहेत. उंदराएवढ्या या मांसाहारी प्राण्याची इथली जात जगात फक्त कांगारू आयलंडवर सापडते.

(दृश्य : चढावरची परतीची वाट.)

वसंत सरला की धार बारीक होत जाते आणि भर उन्हाळ्यात खडकावर नुसते डाग उरतात. येणार असाल तर जुलै ते सप्टेंबरमध्ये या. आधीच्या आठवड्यात पाऊस झालाय का ते बघा, वाट उघडी आहे का ते उद्यान विभागाकडून विचारून घ्या, आणि पिण्याचं पाणी घरूनच भरून आणा.