घरात शिकलेलं काम बिलात का येत नाही?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी ओघात बोलून गेले की माझ्या डिझाइन स्टुडिओची सुरुवात आईच्या शिलाई मशीनपाशी झाली. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "ताई, घरच्या वातावरणातून व्यवसाय नेमका उभा कसा राहतो?" आज त्यावरच बोलूया.

सुरुवातीच्या गोष्टी भराभर सांगते. बँकेत वेगळं खातं उघडा, आपली पाच-सहा चांगली कामं एका जागी मांडा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, सगळं लेखी ठेवा. हे तुम्ही दहा ठिकाणी ऐकलंय. पुढे जाऊ.

माझी आई कपडे शिवायची, वडील पाट्या रंगवायचे. लोकांना वाटतं, मला कला वारशात मिळाली. मला मिळाल्या त्या सवयी. उदाहरण देते. कापड बेतताना आई शिवणीच्या रेघेबाहेर थोडं जास्तीचं कापड राखायची. त्याला माया म्हणतात. उद्या कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो. पुढे मी छपाईचं काम शिकायला गेले, तिथे सांगायचे की पानाच्या चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड ठेवा, म्हणजे रंग किंवा चित्र कापायच्या रेघेबाहेर तेवढं वाढवून ठेवा, कारण कापताना पातं जरासं सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते. वर्गातले बरेच जण ते विसरायचे. मी एकदाही विसरले नाही, कारण माझ्यासाठी ती मायाच होती. ए-5 कागद 148 बाय 210 मिलिमीटर, माझी फाइल 154 बाय 216. हात आपोआप तिकडे जातो.

वडिलांचंही तसंच. दोन अक्षरांमधलं अंतर ते पट्टीने मोजायचे नाहीत, डोळ्यांनी ठरवायचे. काम झालं की रस्त्यापलीकडे जाऊन पाटी वाचायचे. 10 फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण 1 इंच उंच हवं, असा पाट्यांच्या कामात ठोकताळा आहे. मी आजही प्रत्येक पोस्टर भिंतीला लावते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघते.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय ती गोष्ट. नीट ऐका. घरात शिकलेलं काम आपल्याला काम वाटतच नाही, आणि म्हणून आपण त्याचे पैसे लावत नाही.

आईकडे कुणी आलं की ती आधी विचारायची, हा कपडा कुठे घालणार, दिवसभर बसून काम असतं की उभं राहून, आधीचा कपडा कुठे काचतो? त्यात अर्धा तास जायचा. मजुरी मात्र फक्त शिलाईची. मी स्टुडिओ सुरू केल्यावर हेच केलं. ग्राहकाशी दोन-दोन तास बोलायचे, त्याच्या डोक्यातला गुंता सोडवायचे आणि बिल लावायचे ते फक्त लोगोचं. पहिल्याच वर्षी ओळखीतल्या एका कामात मी 11 वेळा बदल करून दिले. दारी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हेही घरातच शिकलेलं ना. पैसे ठरले होते तेवढेच मिळाले. त्या रात्री मी खूप रडले.

आणि गंमत म्हणजे उत्तरही घरातच होतं. आई कधीच थेट पक्की शिलाई मारायची नाही. आधी धावदोरा घालायची, कपडा अंगावर चढवायला लावायची आणि म्हणायची, काय ते आत्ता सांगा. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे तिला पक्कं माहीत होतं. आता मी काळंपांढरं कच्चं रेखाटन दाखवते. त्यावर दोन फेऱ्यांचे बदल ठरलेल्या पैशांत. पक्कं झाल्यावर उसवायचं असेल तर त्याचे वेगळे. हे दरपत्रकात लिहिलेलं असतं.

एका प्रेक्षकाने लिहिलंय, "लोगो दहा मिनिटांत होतो, एवढे पैसे कशाचे?" मला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट वाटतं ते आपल्याच क्षेत्रातल्या मुली म्हणतात तेव्हा, "मला पटकन जमतं, म्हणून मी कमी घेते." अगं, पटकन का जमतं? लहानपणापासून घरात ते बघत आलीस म्हणून! ती वर्षं त्या दहा मिनिटांत आहेत. हात बसलाय म्हणून दर कमी करायचा, हे मला कधीच पटणार नाही.

अजूनही पटत नसेल तर हिशेब बघा. [वही कॅमेऱ्यासमोर धरते] मी चार आठवडे प्रत्येक तास लिहून काढला. आठवड्याला 40 तास काम, त्यातले ज्याचे पैसे मिळाले असे तास सरासरी 23. बाकीचे फोन, चौकशा, फाइल पाठवणं, समजावून सांगणं यात गेले. म्हणजे महिन्याच्या गरजेला 40 तासांच्या हिशेबाने भागून दर काढला तर मी कायम तोट्यात. 23 तासांच्या हिशेबाने भागायचं. दर जवळजवळ पावणेदोन पट होतो. मी तो वाढवला. काही ग्राहक गेले, बरेचसे राहिले.

"आमच्या घरी कुणीच कलाकार नव्हतं," अशाही खूप कमेंट आहेत. कलाकार लागतोच असं नाही. शेजाऱ्यांचे अर्ज-पत्रं लिहून देणारी आई ज्यांच्या घरी होती, त्यांना दुसऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत मांडता येतं. लेखन-संपादनाच्या कामात याहून मोठं भांडवल नाही. ज्यांच्या घरी सतत माणसांचा राबता, त्यांना कार्यक्रमाची आखणी जमते. फक्त आपल्या वेबसाइटवर "लहानपणापासून कलेची आवड" हे वाक्य लिहू नका, कळकळीने सांगते. ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही. "माझी आई धावदोऱ्याशिवाय शिलाई मारायची नाही, मीही कच्चं रेखाटन मंजूर झाल्याशिवाय पुढे जात नाही," असं लिहा. त्यातून कामाची पद्धत कळते.

शेवटचा प्रश्न, नातेवाइकांना सूट द्यावी का? द्यावीशी वाटली तर जरूर द्या, मीही देते. पण बिलात आधी पूर्ण रक्कम लिहा, त्यातलं बोलण्याचं, रेखाटनाचं, बदलांचं काम वेगवेगळ्या ओळींत दाखवा आणि खाली सूट वजा करा. माझ्या एका मावशीने असं बिल पाहिलं आणि म्हणाली, "एवढं सगळं करतेस तू?" पुढच्या कामाला तिने स्वतःहून पूर्ण पैसे दिले.

दरपत्रक कसं लिहायचं, ते पुढच्या व्हिडिओत माझं स्वतःचंच उघडून दाखवते.