संपादक गेला की मालिकेचं काय होतं?

(दृश्य: साहित्य संमेलनाचा मांडव, पुस्तकांचे स्टॉल)

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. बेळगाव भागातल्या या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. लेखकाचा सत्कार होतो, कवींना टाळ्या पडतात. पुस्तक घडवणारा संपादक मात्र व्यासपीठावर क्वचितच दिसतो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांना तरी ही उणीव जाणवायला हवी.

आजची गोष्ट अशाच संपादकांची आहे. ती घडते अमेरिकेत.

(दृश्य: जुन्या इंग्रजी पेपरबॅकची चळत)

आपल्याकडे बहुतेक वेळा आधी पुस्तक येतं, मग पडदा. बेळगावचा लंपन आधी प्रकाश नारायण संतांच्या कथांतून घराघरांत पोहोचला आणि २०२४ मध्ये ओटीटीवर आला. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेसारख्या मालिकांचा प्रवास याच्या उलट झाला. मालिका १९६६ ची, आणि पॉकेट बुक्स या प्रकाशनानं तिच्यावरच्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली १९७९ मध्ये. पात्रं स्टुडिओची, कॉपीराइटही स्टुडिओचाच. प्रकाशक परवाना घेतो, लेखक ठरलेल्या मोबदल्यात लिहितो. कथेचा आराखडा आधी मंजुरीला जातो, मग पूर्ण हस्तलिखित.

या सगळ्यांच्या मध्ये संपादक असतो. लेखक दहा असले तरी कथा एकच आहे, हे भान त्यालाच ठेवावं लागतं. कोणतं पात्र कुठे गेलं, कोण मेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं त्याच्या ध्यानात असतं.

पॉकेट बुक्सचे संपादक मार्को पाल्मिएरी यांनी हे काम फार मन लावून केलं. 'स्टार ट्रेक'च्याच विश्वातली 'डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९९ मध्ये संपली. २००१ पासून पाल्मिएरींच्या देखरेखीखाली तिची कथा कादंबऱ्यांतून पुढे सुरू झाली. वेगवेगळे लेखक, पण धागा सलग. टीव्हीवर जे संपलं होतं ते कागदावर वाढत होतं. माझ्या मते परवान्याच्या कादंबरीनं याहून मोठी झेप क्वचितच घेतली असेल.

मग आला डिसेंबर २००८. आर्थिक मंदीत पॉकेट बुक्सची मालक कंपनी सायमन अँड शुस्टरनं माणसं कमी केली, त्यांत पाल्मिएरीही होते. पुढच्या वर्षी त्यांच्या सहकारी मार्गारेट क्लार्क यांनाही जावं लागलं. क्लार्क नंतर परतल्या. पण 'डीप स्पेस नाइन'च्या कथेनं पुढच्या पुस्तकांत काही वर्षांची उडी घेतली, आणि मध्येच सुटलेला एक मोठा धागा जुळायला २०१५ उजाडलं. इतकी वर्षं वाचक थांबले होते. त्यांची ती निष्ठा पाहून मन भरून येतं.

(दृश्य: रिकामी खुर्ची, टेबलावर हस्तलिखित)

आता पुढे काय? २०२० मध्ये 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका आली आणि तिची कथा कादंबऱ्यांशी जुळेना. वीस वर्षं रचत आणलेलं ते विश्व लेखकांनी २०२१ मध्ये तीन कादंबऱ्या लिहून स्वतःच मिटवलं. 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेत हे आधीच घडलं होतं: २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या मूळ कथेबाहेर काढल्या गेल्या आणि कथेचा मेळ राखणारा गट स्टुडिओतच बसला. म्हणजे प्रकाशकाच्या संपादकाकडची स्मृती हळूहळू स्टुडिओकडे चालली आहे. त्यानं चुका कमी होतील. पण पडद्यावर संपलेली गोष्ट पुढे नेण्याची हिंमत करणारा माणूस मग कुठून येणार?

पैशाचाही प्रश्न आहेच. ॲलन डीन फॉस्टर यांनी १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'वर कादंबरी लिहिली. पुढे हक्क डिस्नेकडे गेले. रॉयल्टी मिळत नाही, अशी जाहीर तक्रार त्यांना २०२० मध्ये लेखक संघटनेमार्फत करावी लागली.

मराठी मालिकांवरही उद्या अशा कादंबऱ्या निघू शकतात, आणि त्या लिहिणारे हात बेळगाव, खानापूर, निपाणीतही आहेत. त्यांनी सही करण्याआधी विचारावं: हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले तर मानधन कोण देणार? संपादक बदलला तर पुढच्या कथेचा आराखडा आणि टिपणं कुणाच्या ताब्यात राहणार? दोन्ही उत्तरं करारात लिहून घ्यावीत.