भिंतीवरची पोत, दांडीवरच्या बांगड्या

(पहाट. बोडीचं पाणी, दगडांखाली दबलेले बांबू.)

गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यातली ही बोडी, म्हणजे लहानसं तळं. वीसेक दिवसांपासून बांबू पाण्यात आहेत. वर दगड ठेवलेत, नाहीतर बांबू तरंगतो आणि पाण्याबाहेर राहिलेली बाजू तशीच कच्ची राहते. पाणी काळं पडलंय, वास सुटलाय. सुटू द्यायचा. बांबूतलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरतंय, आणि बांबू पोखरणाऱ्या घुन किड्याला तेच हवं असतं. हे टाळलं, तर काही महिन्यांतच वस्तूखाली पिवळसर भुकटी पडू लागते. बाहेरून बांबू धड दिसतो, आतून पोखरलेला असतो.

करायची आहे भिंतीवर दागिने टांगायची चौकट. पण काम इथून, या पाण्यातून सुरू होतं.

(कोयत्याचा घाव. बांबूचा कापलेला बुंधा, जवळून.)

इकडे दोन बांबू मुख्य. मानवेल पोटात जवळपास भरीव, तो बांगड्यांच्या दांडीला. कटांग जाड आणि पोकळ, तो अंगठ्यांच्या तबकाला. तोडायचा थंडीत, आणि तीन वर्षं पुरी झालेलाच. कोवळा बांबू हिरवागार, तुकतुकीत. जून झालेल्यावर करडे डाग येतात आणि ठोकलं की टणक वाजतो. हा धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा बांबू आहे. भारतीय वन कायद्यातल्या २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ उरला नाही. आपल्या वावरातला बांबू आपण तोडावा, घडवावा, हे आता मोकळेपणाने करता येतं, आणि करायलाच हवं.

पाण्यातून काढल्यावर पुरता वाळेपर्यंत सावलीत, उभा करून ठेवायचा. उन्हात टाकला की तडकतो.

(रंधा. सागवानाचा भुसा.)

चौकट जुन्या दाराच्या सागवानी पट्ट्यांची. पट्टी दोन इंच रुंद, एक इंच जाड. चौकट दीड फूट रुंद, दोन फूट उंच. कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांची अर्धी-अर्धी जाडी कापून एकीवर एक बसवायची, फेविकॉल लावून रात्रभर दोरीने आवळायची. त्याआधी वाढई, म्हणजे सुतार, काय करतो, बघा: कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरतो. तीस इंच. दुसरीकडूनही तीस. दोन्ही मापं जुळली की काटकोन बरोबर. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी वर बसणारी जाळीची झडप पुढे अडकते.

(कटांगाचे दोन काप.)

कटांग उभा चिरला. दोन्ही टोकांची गाठ ठेवून कापलाय, म्हणून तबकाला आयत्या भिंती मिळाल्या. जोडवी, अंगठ्या यात.

दांडी मानवेलाची, एक इंच जाडीची. बांगडी दांडीवर अर्धी पुढे, अर्धी भिंतीकडे लोंबते. दोन-सहाच्या मापाच्या बांगडीला दांडीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत दोन इंच जागा लागते. कमी पडली की काच भिंतीला घासते. दांडी खाचेत नुसती टेकवलेली आहे. उचलायची, बांगड्या ओवायच्या, परत ठेवायची. बांबूत थेट खिळा कधीच ठोकायचा नाही, धागा उभा फाटतो. आधी बारीक भोक, मगच स्क्रू.

(जाळीतून लोंबणारे झुमके.)

वरच्या भागात दाण्याच्या चाळणीची जाळी, तीन मिलिमीटर भोकांची. आकड्याचे झुमके पुढूनच अडकतात. फिरकीच्या टॉप्सना मात्र मागून हात लागतो, म्हणून जाळी दोन बिजागऱ्यांवर, खिडकीसारखी उघडणारी. खालच्या पट्टीला पितळी हुक, दोन-दोन इंचांवर. काळ्या मण्यांची पोत, एकदाणी, अशा गळ्यातल्या माळा तिथे. खाली मोकळं लोंबायला सव्वा फूट जागा सोडायची. मोत्याची माळ टांगायची नाही, दोरा ताणतो. ती तबकात.

(ड्रिलचा आवाज. लाल विटेची भुकटी.)

भिंत विटेची असेल तर भोक विटेतच पाडायचं, सांध्यात नाही. आठ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकची गिट्टी, तीन इंची स्क्रू. मातीच्या भिंतीत किंवा कुडात स्क्रू टिकत नाही. तिथे चौकट लाकडी खांबालाच कसायची. मागे अर्ध्या इंचाचे ठोकळे द्यायचे, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल चौकटीला लागत नाही. नकली दागिने ओलीनेच आधी काळे पडतात.

डब्यातला गुंता संपला. सोनं मात्र इथे टांगायचं नाही, ते कपाटातच.

(काळी पोत हुकावर. हात बाजूला होतो. पोत हलत राहते.)