रिझर्व्हॉयर : राखलेले आणि साचलेले

धरणामागे पसरलेले पाणी पाहिले की रिझर्व्हॉयर हा शब्द पाण्यासाठीच जन्मला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या घडणीत पाणी कोठेच नाही. लॅटिनमधील ‘सेर्वारे’ म्हणजे जपणे, सांभाळणे. त्याला ‘रे’ हा ‘मागे’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘रेसेर्वारे’, म्हणजे पुढच्या गरजेसाठी मागे राखून ठेवणे, हे क्रियापद झाले. फ्रेंच भाषेने त्यापासून स्थळवाचक प्रत्यय लावून नाम घडवले आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्रजीत आले. प्रिझर्व्ह आणि कॉन्झर्व्ह ही त्याची सख्खी भावंडे. फ्रेंचमध्ये मोटारीच्या इंधनटाकीलाही हाच शब्द आहे, तर इंग्रजीत शाईच्या पेनातील शाईची जागाही रिझर्व्हॉयरच.

मराठीत आपण जलाशय म्हणतो. यातला ‘आशय’ म्हणजे एखादी गोष्ट जेथे विसावते ती जागा. गर्भाशय आणि पित्ताशय हे शब्द त्यावरूनच आले, आणि वाक्यात जो अर्थ वसतो त्यालाही आपण आशयच म्हणतो. लॅटिन शब्दाला राखणारा हात लागतो. संस्कृत शब्दाला तो लागत नाही. गंमत अशी, की विज्ञानाने रिझर्व्हॉयर हा शब्द उचलला तेव्हा त्यातला राखणारा हात गळून पडला.

खनिज तेलाचेच पाहा. भूगर्भातील तेलसाठा म्हणजे जमिनीखालचे तळे, ही समजूत बरीच रुळलेली असली तरी चुकीची आहे. वालुकाश्म किंवा चुनखडकाच्या कणांमधील बारीक रंध्रांत तेल भरलेले असते आणि वरच्या अभेद्य थरामुळे ते तेथेच अडकून राहते. ते कोणी ठेवलेले नसते.

साथरोगशास्त्रातील अर्थ याहून दूरचा, पण फार मोलाचा आहे. रोगजंतू जेथे एरवी टिकून राहतात आणि वाढतात, तो प्राणी, माणूस किंवा परिसर म्हणजे त्या रोगाचा रिझर्व्हॉयर. रेबीजच्या बाबतीत कुत्री, वटवाघळे आणि इतर सस्तन प्राणी ही भूमिका बजावतात. देवीच्या विषाणूला माणसाखेरीज असा आश्रय नव्हता, म्हणून लसीकरण आणि रुग्णशोधाच्या जोरावर तो संपवता आला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन जाहीर केले. पीतज्वरावरही प्रभावी लस आहे. परंतु त्याचा विषाणू जंगलातील माकडे आणि डास यांच्यात फिरत राहतो, त्यामुळे माणसांतील साथ आटोक्यात आली तरी लसीकरण थांबवता येत नाही.