फत्तराचं वजन
(दृश्य: राजहंसगडाचा उतार, कोवळं ऊन)

येळ्ळूरचा हा गड. आसपासच्या शिवारात खाली दख्खनचा काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याची दक्षिणेची कड आपल्या बेळगाव जिल्ह्यातच संपते. तिकडे गोकाकला घटप्रभा उडी घेते, ती त्याहून कितीतरी जुन्या वाळूच्या दगडावरून.

या फत्तरात ज्वालामुखीची ऊब आता उरलेली नाही. तिच्यावर वीज करायची तर आइसलँड, न्यूझीलंड, इंडोनेशिया. पण तिथं ही ऊब शोधायला जी दोन यंत्रं लागतात, एक गुरुत्व मोजणारं ग्रॅव्हिमीटर, दुसरं चुंबकत्व मोजणारं मॅग्नेटोमीटर, त्यांवर शिकाऊ पोरांना हात बसवायला हा उतार चांगला आहे.

(दृश्य: ग्रॅव्हिमीटर, अगदी जवळून)

डब्याच्या आत स्प्रिंग, स्प्रिंगला इवलंसं वजन. खालचा दगड जड असेल तर वजन किंचित जास्त ओढलं जातं. एक घन सेंटिमीटर बेसाल्ट साधारण २.९ ग्रॅम, ग्रॅनाइट २.६५ च्या आसपास. गुरुत्व मोजायचं एकक मिलिगॅल; इथं ते सुमारे ९ लाख ७८ हजार. ही पोरं त्यातल्या एखाद-दुसऱ्या मिलिगॅलच्या मागे आहेत.

यंत्र सपाट आहे का ते सांगणारा हा बुडबुडा बघा. तीन स्क्रू फिरवत तो मधोमध आणायचा. आला... आणि उसाची ट्रॉलीही आली. ती वळणाआड जाईपर्यंत आकडा नाचत राहणार.

उंची १ मीटरनं चुकली की हिशेब ०.२ मिलिगॅलनं चुकतो. म्हणून प्रत्येक जागेची उंची वेगळी मोजायची. स्प्रिंगही दिवसभरात सैलावते, म्हणून ठरावीक वेळानं पहिल्या दगडाकडे परत. सकाळपासून हा चढ तिसऱ्यांदा!

(दृश्य: खिसे रिकामे करणारा मुलगा)

किल्ल्या, मोबाइल, कमरेचा पट्टा, सगळं बाजूला. मॅग्नेटोमीटरला लोखंड चालत नाही, जवळचा विजेचा प्रवाहही नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मापन अलिबागला न्यावं लागलं. तिथली वेधशाळा १९०४ सालची.

बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं. ५८० अंशांच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं. पण एवढं तापायचीही गरज नसते. भेगांतून फिरणारं गरम पाणी त्याआधीच मॅग्नेटाइटचं दुसरंच खनिज करून टाकतं. म्हणून जिवंत ज्वालामुखीच्या मुलखात चुंबकत्व घसरलेल्या जागा नकाशावर आधी हेरतात. गुरुत्वाचंही तसंच. कॅलिफोर्नियात जमिनीतल्या वाफेवर वीज करणाऱ्या 'द गायझर्स'जवळ गुरुत्वाचा मोठा खड्डा, म्हणजे ओढ कमी असलेली जागा, सापडला. खाली कित्येक किलोमीटरवर वितळलेला, म्हणून हलका, खडक असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

असावा. कारण यंत्र तापमान सांगत नाही. आपल्या लाव्ह्याचा बराच भाग थिजला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते, ती उलटी दिशा दगडात तशीच राहिली, त्यामुळे थंडगार फत्तरसुद्धा आकड्यांत भलतीच गंमत करतो.

खाली खरं काय आहे, ते ड्रिल केल्यावरच कळतं. आइसलँडच्या क्राफ्ला ज्वालामुखीत २००९ साली ४ किलोमीटरहून खोल जायला निघालेलं ड्रिल २,१०० मीटरवरच मॅग्म्यात, म्हणजे वितळलेल्या खडकात, शिरलं.

(दृश्य: बांधावरचे आजोबा)

"पाणी बघालाय काय रं पोरानू? बोअर मारायची हाय?"

पोरं हसतात. तळहातावर नारळ धरून चालणारा पाणाड्या त्यांनीही पाहिलेला आहे. एक मुलगी आजोबांना बोलावते, बुडबुडा दाखवते. ते गुडघ्यावर हात टेकून वाकतात.

(दृश्य: पहिला दगड, खडूची फुली, सांज)

दिवसाचा शेवटचा वेध. ट्रॉली रिकामी होऊन परत येते आहे. पोरं थांबली आहेत.